रोमच्या कारंज्यांचे फोटो: शटर स्पीड किती ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेमध्ये तुम्ही नवरा-बायको चार दिवस रोमला चालला आहात. तुमच्याकडे मिररलेस कॅमेरा आणि २४-७० लेन्स आहे, वहिनींकडे फोन. आजवर काढलेल्या कारंज्यांच्या फोटोंत पाणी एकतर फुटलेल्या काचेसारखं दिसतं, नाहीतर सांडलेल्या दुधासारखं. तेव्हा शटर स्पीड किती ठेवायचा (म्हणजे फोटो घेताना शटर किती वेळ उघडं ठेवायचं), तिथल्या प्रसिद्ध ट्रेव्ही कारंज्याचा माणसांशिवाय फोटो मिळेल का आणि ट्रायपॉड ओढत न्यायचा का, हे तुम्हाला हवं आहे.

एकच आकडा मागितलात तर १/१५ सेकंद सांगून मोकळा होईन. पण तो धरून रोमभर फिरलात तर निम्म्या ठिकाणी फसाल. मी वीसेक वर्षं इमारतींचे फोटो काढून पोट भरतो आहे, रोमला पाच वेळा गेलोय, आणि पहिल्या दोन खेपांना नेमकं हेच केलं होतं. परत येऊन पाहिलं तर सगळ्या कारंज्यांना एकच पाणी! जणू एकाच नळाला वेगवेगळे पुतळे जोडलेत.

आधी थोडा हिशेब. एक मीटर खाली पडलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेचार मीटर असतो. १/१००० ला ते जेमतेम साडेचार मिलिमीटर सरकतं, म्हणून थेंब गोठलेला दिसतो. १/१५ ला तेच पाणी तीस सेंटीमीटर सरकतं. आता हे तीस सेंटीमीटर तुमच्या फ्रेममध्ये किती दिसतात, यावर सगळं ठरतं. हातभर उंचीच्या धारेत ते म्हणजे अख्खी धार, तिचा दोरा होऊन जाईल. ट्रेव्हीचा सव्वीस मीटर उंचीचा दर्शनी भाग पूर्ण घेतलात तर तेच तीस सेंटीमीटर नखाएवढे, तिथं १/१५ ला पाणी अजून दाणेदारच दिसेल. म्हणजे शटर स्पीड कारंज्याला नसतो, तुम्ही कुठून आणि केवढा भाग घेताय त्याला असतो. लांबून पूर्ण कारंजं घेताना शटर संथ करत जायचं, जवळून तुकडा घेताना जलद.

दुसरी गोष्ट फक्त रोमची, आणि ती कळल्यावर माझे फोटो सुधारले. ही कारंजी बांधली गेली तेव्हा पंप नव्हते. डोंगराकडचं पाणी नुसत्या उतारावर शहरात यायचं, आणि जेवढ्या उंचीवरून आलं तेवढाच त्याला दाब. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल, तिथं दूरच्या टेकडीवरून आलेलं नहरीचं पाणी भिंतीवरून कोसळतं, तीच युक्ती. रोमला अशी एक नहर नव्हती, अनेक होत्या, प्रत्येकीची उंची वेगळी. ॲक्वा व्हर्जिने ही सगळ्यात जुनी चालू नहर. रोमन सेनानी अग्रिपाने ती इ.स.पूर्व १९ मध्ये बांधली. तिचं पाणी नितळ, पण खालच्या पातळीवरून येणारं, त्यामुळे दमात कमी. ट्रेव्ही, स्पॅनिश पायऱ्यांखालची बार्काच्चा आणि पियाझा नवोना या चौकातली कारंजी, सगळी तिच्या पाण्यावरची. पुढे १५८७ मध्ये पोप सिक्स्टस पाचव्यानं ॲक्वा फेलिचे आणली, १६१०-१२ च्या सुमारास पोप पॉल पाचव्यानं ॲक्वा पाओला, आणि १८७० मध्ये ॲक्वा मार्चा नव्यानं शहरात आली. त्यांचं पाणी उंचावरचं, म्हणून जोरकस. आज पंप आहेत, पण दगडाची घडण त्या काळच्या दाबाला धरूनच झालेली आहे. मूर्तिकारानं पाण्याची ताकद पाहून आकार ठरवला, तेव्हा फोटो काढणाऱ्यानंही तेवढं बघायला हरकत नाही. आपल्या भाषेत पाण्याला पाझर, ओघळ, धार, चिळकांडी, फवारा असे वेगवेगळे शब्द आहेत. कारंज्यासमोर उभं राहून आधी यातला कुठला शब्द लागू पडतो ते मनाशी ठरवा. कॅमेरा मग काढा.

बार्काच्चा म्हणजे पाझर. प्रसिद्ध मूर्तिकार बर्निनीच्या बापानं, पिएत्रो बर्निनीनं, १६२७ ते १६२९ मध्ये केलेली ही दगडी नाव. दाब इतका कमी की पाणी उडवायचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यानं कारंजं रस्त्याच्या पातळीखाली घेतलं आणि पाण्यानं भरून बुडत चाललेली होडी केली. पाणी तिच्या काठांवरून हळूच ओसंडतं. इथं १/५०० ला काहीच दिसत नाही, नुसता ओला दगड. १/४ ते अर्धा सेकंद ठेवा, ओसंडणाऱ्या पाण्याची एक साटीनसारखी कड येते. पायऱ्यांवर थोडं वर चढून खाली बघत काढा, होडीचा आकार वरूनच कळतो. पायऱ्यांवर बसू मात्र नका. २०१९ पासून तिथं बसायला बंदी आहे आणि दंड होतो. होडीच्या दोन्ही टोकांना लोक बाटल्या भरत असतात, ओणवा झालेला एखादा म्हातारा मिळाला तर त्याच्यासाठी थांबा. कारंजं कशासाठी असतं ते त्या एका पाठीवरून कळतं.

आता माझं लाडकं. पियाझा मात्तेई, जुन्या ज्यू वस्तीच्या कडेला, एवढासा चौक. तिथं कासवांचं कारंजं आहे. आराखडा जाकोमो देल्ला पोर्ताचा, ब्राँझचे पुतळे ताद्देओ लांदिनीचे, काळ १५८० चं दशक. चार तरुण पोरं, प्रत्येकाचा एक पाय डॉल्फिनच्या डोक्यावर, एक हात वर. मूळ बेतात त्या वरच्या हातांशी आणखी चार डॉल्फिन होते. पण पाण्याला दाबच पुरेना, म्हणून ते काढून दुसऱ्या कारंज्याला लावले. पोरांचे हात तसेच हवेत राहिले, रिकामे. सत्तरेक वर्षांनी, १६५८-५९ मध्ये, कुणीतरी त्या हातांवर चार कासवं ठेवली. ती बर्निनीची असं मानतात. म्हणजे आज जे सगळ्यांना इतकं मोहवतं, पोरगं बोटांच्या टोकांनी कासवाला वरच्या भांड्यात चढायला मदत करतंय, ते मुळात कमी दाबाच्या पाण्यानं घडवलेलं आहे. १९७९ मध्ये एक कासव चोरीला गेलं. आता तिथं आहेत त्या प्रतिकृती, अस्सल कासवं कॅपिटोलाइन संग्रहालयात.

या कारंज्याचा फोटो पूर्ण घ्यायचा मोह होतो. एक घ्या आणि विसरा. मग लेन्स ७० वर न्या, गुडघ्यावर बसा आणि एकाच पोराचा वर गेलेला हात पकडा. फोकस बोटांवर, कासवाच्या पोटाखाली जिथं ती टेकतात तिथं. लेन्सचं छिद्र एफ ५.६ पुरे, मागची भिंत विरघळते. वरच्या भांड्याच्या कडेला बाळांची डोकी आहेत, त्यांच्या तोंडातून बारीक धारा पडतात, आणि त्यातली एक बरोबर तुमच्या फ्रेममधून जाते. शटर १/३० ते १/६०. त्याहून संथ केलात तर बारीक धार पुसट होऊन नाहीशी होते, त्याहून जलद केलात तर मण्यांची तुटलेली माळ दिसते. १/३० ला ती एकसंध राहते पण तिच्यात किंचित थरथर उरते. मागं काळसर ब्राँझ आहे म्हणून ती दिसते, हे लक्षात ठेवा. पाव पाऊल सरकलात आणि धारेमागं उजळ भिंत आली की धार गायब. मी तिथं पाऊण तास पुढं-मागं सरकत होतो, शेजारच्या खिडकीतल्या बाईंना माझं काहीतरी हरवलंय असं वाटलं. आणि एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा. फ्रेम काळ्या धातूनं भरली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो ब्राँझला राखेचा रंग आणतो.

पियाझा नवोनाचं चार नद्यांचं कारंजं १६५१ चं, पिएत्रोच्या मुलाचं, म्हणजे जान लोरेंझो बर्निनीचं. नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. मराठी माणूस इथं आधी गंगा शोधतो, मीही शोधली, आणि सापडेना, कारण मी बाई शोधत होतो. तिकडच्या परंपरेत नद्या पुरुष. गंगा म्हणजे हातात लांब वल्हं घेतलेला दाढीवाला बाप्या. वल्हं यासाठी की या नदीतून दूरवर नावा जातात. नाईलनं डोक्यावरून कापड ओढून घेतलंय, कारण तेव्हा तिचा उगम युरोपला ठाऊक नव्हता. गाइड मंडळी सांगतात की एक नदी हात उंचावून समोरचं वास्तुकार बोरोमिनीचं चर्च कोसळेल म्हणून घाबरते आहे. गोष्ट मजेची आहे, पण चर्चचं बांधकाम सुरू झालं कारंजं पुरं झाल्यावर.

इथं पाण्याचा अनेक जागी ओघळ आहे आणि ठिकठिकाणी चिळकांड्या. तरी खरी गंमत पाण्यात नाही, खडकात आहे. बर्निनीनं ओबेलिस्कचं, म्हणजे वरच्या उंच दगडी स्तंभाचं, सगळं वजन एका पोखरलेल्या खडकावर तोललंय, आरपार भोकं. त्या भोकातून पलीकडचा चौक दिसतो. खाली एक सिंह पाणी प्यायला वाकलाय. लेन्स ५०-७० वर ठेवून भोकातून पलीकडची चालती माणसं घ्या, १/१५ ला ती जराशी पुसट होतात आणि दगड दगडासारखा राहतो. चौक उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि चर्च पश्चिमेला, त्यामुळे सकाळी पूर्वेकडून काढलेल्या फोटोत चर्चवर आणि कारंज्यावर ऊन येतं. दुपार कलल्यावर चर्चची सावली कारंज्यावर पडते. ही सावली वाईट नाही, उलट माझ्या मते संथ शटरसाठी तीच वेळ बरी. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ ११ ला शटर १/२०० च्या आसपास येतो. सावलीत तोच १/१५ ते १/२५ वर उतरतो, फिल्टर न लावता. भर उन्हात १/३ सेकंद हवा असेल तर उजेड कमी करणारा एनडी ६४ फिल्टर लागतो, सहा स्टॉपचा. तुमच्या बॅगेत एकच फिल्टर ठेवायचा तर तो ठेवा.

पियाझा बार्बेरिनीतला ट्रायटन, म्हणजे अर्धा माणूस अर्धा मासा असा समुद्रदेव, वेगळ्या जातीचा. १६४२-४३ चा, ॲक्वा फेलिचेच्या पाण्यावरचा, म्हणून पाणी वर जातं. डॉल्फिनच्या शेपट्यांवर शिंपला, शिंपल्यावर बसलेला ट्रायटन मान मागं टाकून शंख फुंकतो आणि शंखातून धार निघते. शंख फुंकणं आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. जोरकस धारेला १/५०० ते १/१००० द्या, ती ताठ राहू द्या. संथ केलीत तर शंखातून धूर निघाल्यासारखं होतं. चौकात वाहनांची वर्दळ भयंकर, त्यामुळे खालून वर बघत काढा, मागं फक्त आकाश. सूर्य ट्रायटनच्या मागं आला की थेंब पेटतात. अशा वेळी पुतळा काळा पडला तरी पडू द्या.

रेल्वे स्टेशनजवळच्या पियाझा देल्ला रेपुब्लिकामध्ये मारिओ रुतेल्लीच्या जलकन्या आहेत, १९०१ च्या. त्यांच्या उघड्या अंगांवरून तेव्हा शहरात बरीच ओरड झाली होती. मधून मोठा फवारा उठतो. हे कारंजं रात्रीचं घ्या. भोवती गोल वाहतूक असते, चार-पाच सेकंदांत गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा कारंज्याभोवती कडं घालतात. दिवसा तिथं वेळ घालवू नका.

आता ट्रेव्ही. वास्तुकार निकोला साल्वीनं १७३२ मध्ये काम सुरू केलं, १७५१ मध्ये तो गेला, आणि १७६२ मध्ये दुसऱ्यांच्या हातून ते पुरं झालं. रुंदी सुमारे ४९ मीटर. २४ मिमी लेन्समध्ये एवढी रुंदी सरळ समोरून बसवायची तर सुमारे ३३ मीटर मागं जावं लागतं, आणि मागं जाल तिथं माणसंच माणसं. म्हणून सगळ्यांचे फोटो एकतर वाकडे येतात किंवा डोक्यांनी भरलेले. पूर्ण ट्रेव्ही सोडून द्या, असं मी सांगेन. ज्यांना हवा त्यांनी पोस्टकार्ड घ्यावं.

त्याऐवजी खालचे दोन घोडे बघा. मध्ये समुद्रदेव ओशनस, पिएत्रो ब्राचीनं घडवलेला, आणि त्याचा रथ ओढणारे दोन पंखवाले समुद्री घोडे. एक बेफाम, एक निवांत. कुठला कुठला ते ओळखायला क्षणभरही लागत नाही. हा समुद्राचा स्वभाव आहे, खवळलेला आणि शांत. बेफाम घोडा १/५०० ला काढा, पाण्याचे तुकडे त्याच्या छातीशी उडताना दिसू देत. निवांत घोडा १/४ ला, पाण्याची चादर होऊ दे. घरी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावा. वहिनी म्हणतील दोन वेगळ्या कारंज्यांचे आहेत. उजव्या अंगाला दगडाचा एक भलामोठा गडू दिसेल. तिथल्या एका न्हाव्यानं कामावर सतत टीका चालवली म्हणून साल्वीनं त्याच्या दुकानासमोर तो गडू बसवून त्याचं दृश्यच बंद केलं, अशी आख्यायिका आहे. खरी असो-नसो, त्या बाजूनं फोटो काढताना आपणही त्या न्हाव्याच्या जागी येतो.

गर्दीबद्दल. डिसेंबर २०२४ पासून कारंज्याच्या काठापाशी एका वेळी चारशेच माणसांना सोडतात, त्यामुळे खाली पूर्वीसारखी चेंगराचेंगरी नसते. नियम अधूनमधून बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. मेच्या मध्याला रोममध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. सव्वापाचला तिथं पोहोचा. आकाश निळं, दिवे अजून पिवळे, आणि माणसं म्हणाल तर लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली एक-दोन जोडपी. चौक चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेला, त्यामुळे सकाळचं ऊन खाली यायला बराच वेळ लागतो. तोवरचा मऊ उजेड त्या पांढऱ्या ट्रॅव्हर्टाइन दगडाला चांगला. सावलीतला दगड निळसर येतो, तेव्हा व्हाइट बॅलन्स ‘शेड’वर ठेवा.

इतक्या लवकर उठवणार नसेल तर दुसरा उपाय. कॅमेरा कठड्यावर पक्का टेकवून, दहा-दहा सेकंदांनी पंधरा-वीस फोटो घ्या आणि घरी फोटोशॉपमध्ये ते एकावर एक रचून मीडियन लावा. हलणारी माणसं पुसली जातात. न हलणारी राहतात, आणि ट्रेव्हीला मोबाइल वर धरून दहा मिनिटं न हलणारा एक तरी असतोच. खरं सांगायचं तर मी आता माणसं पुसत नाही. लोक पाठमोरे उभे राहून उजव्या हातानं डाव्या खांद्यावरून नाणं टाकतात, त्या हाताचा फोटो १/१००० ला काढून बघा. नाणं हवेत असताना मिळायला वीसेक प्रयत्न लागतात. ती नाणी गोळा करून कारितास या धर्मादाय संस्थेला देतात.

एक सकाळ जानिकुलम टेकडीवर द्या. तिथं ॲक्वा पाओलाचं कारंजं आहे, रोमचे लोक त्याला नुसतं ‘फोंतानोने’ म्हणतात, म्हणजे भलं थोरलं कारंजं. तोंड शहराकडे, पूर्वेला, त्यामुळे उगवतीचं ऊन थेट अंगावर. पाणी दाबानं कमानींतून बदाबदा खालच्या मोठ्या हौदात पडतं आणि गर्दी जवळपास नसते. चार दिवसांत एकच कारंजं निवांत काढता येणार असेल तर मी ट्रेव्ही नाही, हे निवडेन. संध्याकाळी सूर्य त्याच्या मागं मावळतो. तेव्हा पाठ फिरवा आणि रस्त्यापलीकडच्या कठड्यावरून शहर बघा.

इंद्रधनुष्य हवं असेल तर सेंट पीटर्सच्या चौकात सकाळी जा. तिथली दोन्ही कारंजी भरपूर तुषार उडवतात. चौकात पूर्वेकडून शिरून बॅसिलिकाकडे तोंड करा, सूर्य पाठीशी असेल. तुमच्या डोक्याच्या सावलीपासून साधारण ४२ अंशांवर रंग दिसतात. सूर्य जितका खाली तितकी कमान उंच. पोलरायझर (चकाकी कापणारा फिरता फिल्टर) लावला असेल तर आधी तो फिरवून बघा. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित असतो, पोलरायझर एका कोनात ते अख्खं पुसून टाकतो. माझ्याबरोबर आलेले एक गृहस्थ पंधरा मिनिटं ‘कुठंय, कुठंय’ करत होते, दोष त्यांच्या महागड्या फिल्टरचा होता.

तरी पोलरायझर न्याच. पाण्यावरची आकाशाची चकाकी तो काढतो आणि हौदाच्या तळाची नाणी, शेवाळ, निळसर फरशी दिसायला लागते. पाण्याच्या पृष्ठभागाकडे ३५-४० अंशांतून तिरकं बघताना तो सर्वात चांगला चालतो. दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे आपोआप शटरही संथ होतं. ओल्या दगडावरची चमक मात्र पूर्ण घालवू नका, दगड कोरडा आणि मेलेला दिसतो. अर्धवट फिरवून सोडा.

एक्स्पोजरमध्ये इथं दोन ओढाताणी असतात. पांढरा दगड फ्रेमभर आला की कॅमेरा फोटो काळवंडवतो, म्हणून वाढवायला हवं. तर उन्हातलं पाणी जळून सपाट पांढरं होतं, म्हणून कमी करायला हवं. मी पाण्याच्या बाजूनं कौल देतो. झेब्रा (जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू ठेवायचा, थेंबांची टोकं चमकली तर चमकू द्यायची, पण पाण्याच्या जाड भागावर पट्टे दिसले की थांबायचं. फाइल रॉ असेल तर दगड घरी उजळता येतो. जळालेलं पाणी परत येत नाही.

आणि तुषारांपासून लेन्स सांभाळा. दुसऱ्या खेपेला एका चौकात वारा माझ्या दिशेनं होता. समोरच्या काचेवर बारीक थेंब उडाले, उन्हात वाळले, आणि मला पत्ताच नाही. रोमचं पाणी जड, चुन्याचं, वाळलं की पांढरा ठिपका ठेवून जातं. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर कळलं की दुपारचे सगळे, दोनशेच्या वर फोटो, मध्यभागी धुकट आहेत. तेव्हापासून वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो, दर पाच मिनिटांनी काच तिरकी धरून बघतो, आणि खिशात दोन मायक्रोफायबर फडकी ठेवतो, एक ओलं टिपायला, एक पुसायला. शर्टाच्या टोकानं पुसू नका.

वहिनींच्या फोनबद्दल. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र बहुधा कमी-जास्त होत नाही, म्हणून उन्हात शटर संथ होत नाही. आयफोन असेल तर लाइव्ह फोटो चालू ठेवून काढा आणि नंतर त्यातच ‘लाँग एक्स्पोजर’ निवडा. नव्या पिक्सेलमध्ये तसा वेगळा मोड आहे. बाकी फोन जवळच्या तुकड्यांना उत्तम. सिंहाचं तोंड, कासव, बाटलीत पडणारी धार. रस्त्याकडेला ओतीव लोखंडाची ठेंगणी नळकोंडाळी दिसतील, १८७४ पासूनची. वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना ‘नासोने’, म्हणजे मोठं नाक, म्हणतात. शहरात अशी अडीच हजारांच्या आसपास आहेत, पाणी प्यायला चांगलं. तोटी बोटानं दाबली की वरच्या भोकातून कमान उडते आणि थेट तोंडात येते. वहिनींना दाबायला लावून तुम्ही काढा, किंवा उलट. १/१००० ला.

राहिला ट्रायपॉड. मोठा नेऊ नका. गर्दीच्या चौकात तो लावला की पोलीस हटकतात, आणि परवानगीच्या वादात उजेड निघून जातो. त्यांचा जाच वाटेल, पण २०१५ मध्ये फुटबॉलच्या पाठीराख्यांनी बार्काच्चाची नासधूस केली होती हे लक्षात घ्या. काठावर बसलात, पाय बुडवलात तरी शिट्टी वाजते. ड्रोनचा तर विचारही नको. वीतभर उंचीचा टेबल-ट्रायपॉड पुरतो, नाहीतर तांदूळ भरलेली छोटी कापडी पिशवी. रिकामी पिशवी इथून न्या, तांदूळ तिथल्या दुकानातून घ्या. कठड्यावर पिशवी, पिशवीवर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर. अर्ध्या सेकंदापर्यंत सहज निभतं. कॅमेऱ्यात सेन्सर स्थिर ठेवणारी सोय असेल तर १/८ हातातही मिळतो, कोपर पोटाशी दाबून आणि श्वास अर्धा सोडून. प्रत्येकाचे पाच-सहा काढा, एखादा ठणठणीत निघतो.

निघण्याआधी घरच्या मोरीत एकदा बसा. खिडकीचा उजेड तिरपा, नळाखाली काळा तवा, नळ आधी थेंबथेंब, मग बारीक धारेत, मग पूर्ण सोडलेला. प्रत्येकाचे १/१००० पासून अर्ध्या सेकंदापर्यंत दहा-दहा फोटो. अर्ध्या तासात कळेल की तुम्हाला कुठलं पाणी कसं आवडतं. माझी आणि तुमची आवड एकच असेल असं नाही, मला दुधाळ पाणी मुळीच चालत नाही, काहींना त्याशिवाय चालत नाही. बादली मात्र खाली ठेवा.